विझवी

आजोबांचं अक्षर वाचू शकणारी माणसं जगात दोनच होती. एक त्यांची बायको, ती दोन वर्षांपूर्वी वारली. दुसरी अक्षरताई.

ही फुशारकीची गोष्ट नव्हे, पोटापाण्याची आहे. मुलांच्या चित्रकथांचं एक मासिक होतं आणि त्यातल्या गोष्टी आजोबा घरी बसून लिहायचे. त्यांना नातवंड एकही नव्हतं, पण वय सत्तरीपुढे गेलेलं, म्हणून सगळं कार्यालय त्यांना आजोबा म्हणायचं. त्यांचे कागद आले की ताई स्वच्छ प्रत काढायची. त्या प्रतीवरून चित्रकार चौकटी रंगवायचा, आणि चित्रं झाली की पात्रांच्या तोंडचे फुगे भरायला ती पानं परत ताईच्या टेबलावर यायची. आजोबांचे मूळ कागद तिच्या खणात पडायचे ते कायमचे. मधे कुणी डोकावत नसे. डोकावून करणार काय? शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत घरी गेली तर जे दिसेल ते आजोबांचं अक्षर. ताई मात्र ते वर्तमानपत्रासारखं भराभर वाचायची. एकोणीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

मग आजोबांनी गोष्टीत एक मुलगी आणली.

गोष्टीतली जुनी टोळी वाचकांच्या ओळखीची होती. तळहातातून जाळ काढणारा भडक्या. उडणारा पंख्या. सात गल्ल्या पलीकडची कुजबुज ऐकणारी दूरकानी. नवी मुलगी अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, एक मोजा कायम घसरलेला. तिला स्वतःची शक्ती काहीच नाही. ती नुसती जवळ येऊन उभी राहायची, की भडक्याचा जाळ बसायचा, पंख्या अलगद जमिनीवर उतरायचा आणि दूरकानीला स्वतःच्या नाकासमोरचं तेवढं ऐकू यायचं. 'उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग', असंही आजोबांनी लिहिलं होतं. ताईने ते उतरवून घेतलं आणि सहज आपल्या बोटाकडे पाहिलं. उजवा हात, मधलं बोट, शाई. तिला जरा हसूच आलं.

पुढची ओळ वाचली आणि हसू जागच्या जागी गोठलं. 'ही जवळ आली की शक्ती विझते. म्हणून हिचं नाव विझवी.'

निबेवरचा थेंब प्रतीवर पडला. एकोणीस वर्षांत ताईच्या हातून डाग पडला नव्हता.

कारण विझवी हे तिचं स्वतःचं नाव होतं. कागदोपत्री नव्हे, घरातलं. तिचा मामा नाण्याची जादू करायचा. सगळ्या भाचरंडांसमोर नाणं गायब करायचा आणि कुणाच्यातरी कानातून काढायचा. एकदा ही सहा वर्षांची पोर अगदी जवळ जाऊन उभी राहिली, टक लावून बघत बसली, आणि मामाच्या बाहीतून नाणं टणकन फरशीवर पडलं. त्यानंतर मोठ्या बहिणीच्या वाढदिवसाला ही दार उघडून आत आली तर वाऱ्याने मेणबत्त्या गेल्या. पुढे बहिणीला बघायला पाहुणे आलेले असताना ही चहाचा ट्रे घेऊन आली आणि नेमके त्याच क्षणी सगळ्या घराचे दिवे गेले. दादा अंधारात ओरडला, 'आली विझवी!' पाहुणेसुद्धा हसले. बहिणीचं लग्न तिथेच जमलं, म्हणजे तसं काही बिघडलं नव्हतं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तेव्हापासून कुठल्याही खोलीत पाऊल टाकताना ताई आधी दारात घटकाभर थांबायची. आतलं हसणं एकदा ऐकून घ्यायची आणि मगच आत जायची.

हे नाव कार्यालयात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आई गेली, मामा गेला, बहीण सातासमुद्रापलीकडे. उरला दादा. आणि नवरा, ज्याला तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा हळवं होऊन सगळं सांगितलं होतं. माणसाने हळवं होऊ नये ते याचसाठी.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दोनच महिन्यांपूर्वी आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली, तेव्हा हा गृहस्थ आपणहून कार्यालयात आला होता आणि कागद द्यायला आलेल्या आजोबांशेजारी बसून तासभर गप्पा मारून गेला होता. ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती संध्याकाळी घरी न जाता थेट दुकानात गेली.

"आजोबांशी काय बोलत होता त्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी? अच्छा, ते? चष्म्याचं."

"तासभर?"

"त्यांचा नंबर फार आहे गं." नवरा काच पुसत म्हणाला.

"माझ्याबद्दल काही बोलणं झालं?"

"झालं की. म्हणजे तेच बोलत होते. चांगलंच बोलत होते."

चांगलंच! मराठीत या शब्दाला दोन्हीकडून धार आहे. 'चांगलंच सुनावलं' यातही चांगलंच असतं. ताईने पुढे विचारलं नाही. विचारून तो सरळ सांगणार होता थोडाच? तो उलट म्हणाला, "तुझेच डोळे तपासू या एकदा. नाहीतर उद्या कागद नाकाला लावून वाचायला लागशील."

विषय कसा बदलावा हे या माणसाकडून शिकावं, असं मनात म्हणत ती घरी आली आणि तिने दादाला फोन लावला.

"दादा, विझवी हे नाव तू कुणाला सांगितलंस?"

"कोण विझवी?"

"ढोंग करू नकोस."

"अगं, खरंच कोण? तुमच्या मासिकातली का कोणी?"

"मला कोण म्हणायचं विझवी?"

"तुला? मला नाही बाई आठवत. मी तर तुला छोटी म्हणायचो."

किती सफाईदार! ताईने फोन ठेवला आणि ठरवलं की दोघेही मिळालेले आहेत.

अंक निघाला. विझवी छापली गेली, ताईच्याच वळणदार हाताने. आणि त्या दिवसापासून ताई कार्यालयात डोळ्यांत तेल घालून वावरू लागली. संशय घेऊन बघायला लागलं की पुरावे काय, रांग लावून उभे राहतात. चित्रकार तापट माणूस, सकाळपासून फोनवर छापखान्याशी कडाकडा भांडायचा. ताई आत आली की त्याचा आवाज उतरायचा आणि तो "बरं, बघू" म्हणून फोन ठेवायचा. साहेब, म्हणजे संपादक, टेबलावर मुठी आपटणारे. ताई समोर असली की मूठ उघडी. पूर्वी हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता ती मोजू लागली. सोमवारी चार वेळा, मंगळवारी सहा. म्हणजे ती आली की बोलणं विझतं, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे मूग गिळून होते, आणि आजोबांनी ते उचलून गोष्टीत घातलं होतं. आता तो शाईचा डागही तिला हसवत नव्हता.

दुसऱ्या महिन्याचे कागद आले. ताईने ते खरंच नाकाला लावून वाचले. प्रत्येक ओळीत आपली काय बेअब्रू केली आहे ते शोधत. एका ठिकाणी आजोबांनी लिहिलं होतं, 'ती गेली की शक्ती पुन्हा जागी होते.' ताईने च्च केलं. विझलेलं जागं कसं होईल? म्हाताऱ्याची लेखणी घसरली. तिने प्रतीत 'जागेवर येते' असं सुधारून टाकलं. ज्याने आपल्याला एवढं दुखावलं त्याची चूक आपण मुकाट्याने दुरुस्त करतो आहोत, याचा तिला अंमळ अभिमानही वाटला.

तिसरा अंक निघाल्यावर वाचकांची पत्रं यायला लागली. मुलं फार दयाळू असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पत्रं वाचावीत. 'विझवीला घालवा.' 'ती आली की मजा जाते.' 'भडक्याने तिला जाळून टाकावं, पण ती जवळ असली की त्याला जाळता येत नाही, म्हणून लांबून जाळावं.' एका मुलीने विझवीचं चित्र काढून त्यावर इतकी जाड फुली मारली होती की कागद फाटला होता. पत्रं लावून ठेवायचं कामही ताईचंच. तिने सगळी वाचली. ते तोंड चित्रकाराच्या कल्पनेतलं होतं, वेण्या कुणाच्याही असू शकत होत्या, पण फुली आपल्यावर मारली आहे असं तिला वाटलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

साहेबांनी तिला बोलावलं. "ताई, या पोरीला संपवायचं. पुढच्याच अंकात. लिफ्टच्या खड्ड्यात पडते, खल्लास. आजोबा माझा फोन उचलत नाहीत, रुसलेत कशावर तरी. तुम्ही जा, निरोप द्या आणि कागद घेऊनच या."

"मी?"

"तुमचं ऐकतात ते."

ताई टेबलाशी आली. तिने एक कोरा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. अक्षर एवढं सुरेख उतरलं की कुणी तो चौकटीत लावला असता. विझवीला खड्ड्यात ढकलणारे फुगे आपण भरायचे नाहीत, एवढं तिचं ठरलं होतं. आधी आजोबांकडे जायचं, नाव सांगणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं, मग राजीनामा साहेबांच्या टेबलावर, आणि मग घरी जाऊन नवऱ्याशी काय बोलायचं ते बोलायचं. तिने खणातून आजोबांचा तो पहिला कागद काढला, पुरावा म्हणून पर्समध्ये घातला आणि निघाली.

आजोबांची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या. एकीवर विणलेली उशी, ती बायकोची, त्यावर कुणी बसत नसे. आजोबांनी दार उघडलं, पण या म्हणाले नाहीत. नुसते बाजूला झाले.

"साहेबांनी पाठवलं असेल."

"हो. पण मी माझ्यासाठी आले आहे." "आजोबा, माझं घरचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कसलं घरचं नाव?"

"विझवी."

आजोबांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा घातला. "हे तुमचं नाव आहे? मग, ताई, तुम्ही ते तिथे का घातलंत?"

"मी घातलं?"

"मग कोणी? मी भिंग लावून अंक वाचला. पहिल्याच पानावर विझवी! मला वाटलं साहेबाने बदललं, त्याला प्रत्येक पानात मारामारी लागते. पण फुग्यातलं अक्षर तुमचं. म्हटलं, ताईंनी लिहिलंय आणि मला एका शब्दाने कळवलं नाही, म्हणजे त्याही सामील. मग कशाला भांडायचं? फोन घेणं बंद केलं."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. चोरी करायची आणि वर हे! तिने पर्समधून कागद काढून टेबलावर आपटला. "हा कुणाच्या हातचा?"

"माझ्या."

"मग ऐका." तिने मोठ्याने वाचलं. "ही जवळ आली की शक्ती विझते. म्हणून..."

"निजते," आजोबा म्हणाले.

"काय?"

"निजते. झोपते. म्हणून हिचं नाव निजवी."

आजोबांनी भिंग तिच्याकडे सरकवलं. ताईने पाहिलं. पहिलं अक्षर व असू शकलं असतं, न ही असू शकलं असतं. आजोबांचा न नेहमीच गाठ मोठी करून व व्हायला बघायचा. पण दुसरं?

आजोबांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने एक झ काढला. केवढा थोरला, ढेरपोट्या, शेजारच्या दोन अक्षरांवर रेललेला. "माझा झ हा असा. बायको म्हणायची, झाडाखाली झोपायला जागा होईल एवढा काढता. तुम्हाला काय सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षांत ताईने हा झ हजारो वेळा वाचला होता. कागदावर तो नव्हता. कागदावर एक साधा, बारीक ज होता.

"जागी होते," ती पुटपुटली. "पुढच्या महिन्यात तुम्ही लिहिलं होतं, शक्ती पुन्हा जागी होते."

"निजलेली जागीच होणार की. तिथे तुम्ही 'जागेवर येते' केलंत. मला वाटलं माझी टिंगल करताय."

ताई जवळच्या खुर्चीत बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण विणलेल्या उशीवर बसलो आहोत. ती उठायला गेली. आजोबांनी हातानेच बसा म्हटलं.

"ही गेली ना," ते उशीकडे बघत म्हणाले, "तेव्हा मला आठ महिने झोप नव्हती. गोळ्या झाल्या, सगळं झालं. एक दिवस कागद द्यायला तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, बसा, एवढी ओळ पुरी करते. मी समोरच्या खुर्चीत बसलो. तुमची निब कुरकुर कुरकुर चालली होती. मी जो झोपलो तो दोन तास."

ताईला तो दिवस आठवला. चित्रकार नेहमीसारखा फोनवर पेटलेला, आणि तिने त्याला बोटाने गप्प केलं होतं. साहेब कागद मागायला आले, त्यांनाही दारातूनच परत पाठवलं होतं. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

"तो भडक्या," आजोबा म्हणाले, "दिवसभर पेटून पोर थकत नसेल? आणि दूरकानी, सात गल्ल्यांतली भांडणं ऐकत कशी जगत असेल बिचारी? त्यांच्याजवळ येऊन बसणारं कुणीतरी हवं होतं. त्या तुमच्या चित्रकाराला बघितलंय ना? तुम्ही आलात की कसा निवतो? तुमच्या यजमानांना मी तेच सांगत होतो. त्यांनी विचारलं, ताईला सांगू का? मी म्हटलं, नको, छापून आल्यावर कळू दे."

चांगलंच बोलत होते. ताईला हुंदका आवरला नाही. दादाला खरंच आठवत नव्हतं, हेही तिला आता दिसलं. एक माणूस अंधारात एक शब्द ओरडला आणि विसरून गेला होता, आणि ती तो छत्तीस वर्षं हातात धरून दारादारांत थांबली होती.

"साहेब तिला खड्ड्यात टाका म्हणतात," ती नाक पुसत म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, चूक माझी आहे. मी जाऊन सांगते."

आजोबांनी मग एक चौकट सांगितली आणि ती तिने तिथेच उतरवून घेतली. कोरा कागद नव्हता, म्हणून राजीनाम्याच्या पाठीवर. दूरकानी विचारते, 'तू विझवी ना?' मुलगी म्हणते, 'नाही, निजवी. वाचणाऱ्याची चूक झाली.'

कार्यालयाच्या दारात ताई घटकाभर थांबली, सवयच ती. मग आत गेली, सगळ्यांदेखत सांगून टाकलं आणि ती चौकट वाचून दाखवली. चित्रकाराने कपाळावर हात मारला. "तीन महिने मी त्या पोरीच्या कपाळावर आठ्या काढतोय, ताई!" साहेबांनी मूठ उचलली, ताईकडे पाहिलं आणि मूठ उघडली. ते त्यांनाही कळलं आणि ते ओशाळले.

"राहू दे तिला. पण या फुग्यात 'वाचणाऱ्याची चूक' नको. मुलांना वाटेल त्यांनाच बोलतोय. 'छापणाऱ्याची' करा. आणि डोळे तपासून घ्या हो. उद्या सकाळी पान द्या."

डोळेच असणार. हा विचार ताईला एकदम बरा वाटला. नंबर वाढला असेल, वयच आहे, त्यात लाजायचं काय? ती नवऱ्याच्या दुकानात गेली, उंच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तपासा."

नवऱ्याने दिवा लावला. भिंतीवरच्या तक्त्यावर अक्षरं उतरत्या क्रमाने लहान होत गेली होती. तिने एक डोळा झाकला, मग दुसरा. वरची ओळ वाचली, मधली वाचली.

"शेवटची?"

"न. व. ज. झ." तिने न अडखळता वाचलं.

नवरा काचा बदलत राहिला, मग त्याने दिवा बंद केला. "काही नाही गं. तुझे डोळे ठणठणीत आहेत. मग कागद नाकाला कशाला लावत होतीस?"

"संशयाने," ताई म्हणाली. खुर्चीवरून उतरायच्या आधी तिने त्याचा हात हातात घेतला. तीन महिने ती याच्याशी नीट बोलली नव्हती. "माझं चुकलं हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान टेबलावर होतं. साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. "छापणाऱ्याची?"

"नाही साहेब," ताई म्हणाली आणि निब शाईत बुडवली. "वाचणाऱ्याचीच."

तिने न काढला, गाठ छोटी ठेवून. मग ज काढला, कुठल्याही पोराला वाचता येईल असा.